जँगोची फेब्रुवारी २०२२ची कमिट: कोडची मांडणी यंत्राच्या हाती देताना

७ फेब्रुवारी २०२२ रोजी जँगोच्या, म्हणजे पायथन भाषेतल्या वेबसाइट बनवण्याच्या मुक्त फ्रेमवर्कच्या, मुख्य ब्रँचवर (कोडच्या मुख्य शाखेवर) एक कमिट, म्हणजे बदलांची एक नोंद, आली. तिच्यात एकही नवी सोय नव्हती, एकही चूक दुरुस्त केलेली नव्हती, तरी हजाराहून जास्त फायली बदलल्या होत्या. सिंगल कोटचे डबल कोट झाले, लांब ओळी मोडून खाली आल्या, कंस आपापल्या ओळीवर जाऊन बसले. लेखकाच्या जागी कुणा माणसाचं नाव नव्हतं, 'जँगो-बॉट' असं होतं. संदेश एका ओळीचा होता: तिकीट ३३४७६च्या संदर्भात कोड ब्लॅकने पुन्हा मांडला. ब्लॅक म्हणजे पायथन कोडची मांडणी आपोआप करणारं साधन, फॉर्मॅटर.

जँगोवर मी बरीच वर्षं काम करतो. आमच्या टीमने हाच प्रयोग आमच्या कोडवर केला तेव्हा तो आम्हाला महाग पडला, म्हणून मी जँगोने तो कसा पार पाडला हे मागे जाऊन बारकाईने पाहिलं. 'मांडणी हाताने करावी की यंत्राने' या प्रश्नावर मतं भरपूर ऐकायला मिळतात. पण एका मोठ्या, चालत्या, जगभर वापरात असलेल्या प्रकल्पाने निर्णय कधी घेतला, अमलात कधी आणला आणि मधल्या काळात काय केलं, हे क्रमाने मांडलेलं फारसं वाचायला मिळत नाही. या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते सगळं त्या क्रमात आहे.

आधीची स्थिती

जँगोचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स शहरातल्या एका वृत्तपत्राच्या वेब विभागात झाला. काम २००३मध्ये सुरू झालं आणि जुलै २००५मध्ये तो मुक्त परवान्याखाली सगळ्यांसाठी खुला झाला. तेव्हापासून सोळा-सतरा वर्षं त्यातला कोड माणसं हाताने मांडत होती. म्हणजे मनाला येईल तसा नव्हे. पायथनचा मांडणीविषयक दस्तऐवज, पेप ८, २००१पासून होता आणि जँगोचे स्वतःचे नियमही लिहिलेले होते.

त्यातले तीन नियम या प्रकरणासाठी महत्त्वाचे आहेत. पहिला ओळीच्या लांबीचा. पेप ८ ७९ अक्षरांची मर्यादा सांगतो. जँगोने कोडला ११९पर्यंत मुभा दिली होती, कारण गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर रिव्ह्यू करताना, म्हणजे दुसऱ्याचा कोड तपासताना, तेवढी ओळ न मोडता दिसायची. कोड कुरूप होत असेल तर ७९चा हट्ट धरू नका, असं नियमातच म्हटलं होतं. दुसरा कोटचा: सिंगल कोट वापरा, आत सिंगल कोट येत असेल तरच डबल. मात्र जुना कोड या नियमात बसवण्यासाठी असंबद्ध बदल करण्यात वेळ घालवू नका, ही पुस्ती लगेच जोडलेली. तिसरा, लांब ओळ मोडताना पुढची ओळ चार स्पेस आत घ्या, वरच्या कंसाखाली उभी रेघ धरून लावू नका. कारणही दिलं होतं: वरच्या ओळीची लांबी बदलली की खालच्या सगळ्या ओळी पुन्हा सरकवाव्या लागतात.

आता जँगोच्या ४.० आवृत्तीत वापरकर्त्यासाठी यादृच्छिक पासवर्ड बनवणारं एक फंक्शन होतं, ते पाहा. मेक रँडम पासवर्ड. त्याच्या एका पॅरामीटरची मूळ किंमत म्हणजे पासवर्डात चालणारी अक्षरं. लिहिणाऱ्याने ती तीन तुकड्यांत, एकाखाली एक लिहिली होती: वर छोटी लिपी, मध्ये मोठी, खाली अंक. त्यातून एकसारखी दिसणारी अक्षरं वगळलेली होती: आय, एल आणि एक; ओ आणि शून्य. तीन मजल्यांमुळे काय ठेवलं आणि काय गाळलं ते एका नजरेत कळायचं. सुंदर मांडणी होती, यात शंका नाही. पण ती होती वरच्या कंसाखाली उभी रेघ धरून केलेली, म्हणजे जँगोच्या स्वतःच्या तिसऱ्या नियमाविरुद्ध.

यात कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. नियम लिहिला जाण्याआधीचा कोड असतो, नियम माहीत नसलेला माणूस असतो, आणि माहीत असूनही 'इथे असंच बरं दिसतं' म्हणणारा असतो. रिव्ह्यू करणारा कधी टोकतो, कधी सोडून देतो. 'जुन्या कोडवर वेळ घालवू नका' ही सूचना शहाणपणाची होती, पण तिचा सरळ अर्थ असा की हाताने केलेली एकसंधता कधीच पूर्ण व्हायची नाही. नवीन माणूस शेजारची फाइल पाहून शिकतो, आणि शेजारच्या फायलीत दुसरीच पद्धत असते.

मग रिव्ह्यूमध्ये काय होतं, हे ज्याने मोठ्या प्रकल्पात पहिला पॅच, म्हणजे सुचवलेला बदल, पाठवला आहे त्याला सांगायला नको. दोन आठवड्यांनी उत्तर येतं आणि त्यातले पहिले चार अभिप्राय कोट, स्वल्पविराम, रिकामी ओळ आणि इंडेंटवर असतात. पाठवणाऱ्याने लावलेला तर्क बरोबर आहे की नाही, हे अजून कुणी म्हटलेलंच नसतं. जँगोत येणारे पॅच पाहण्याचं मोठं काम 'फेलो' करतात. जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन त्यांना देणग्यांतून मानधन देतं. त्यांचा तास कोटवर खर्च होणं म्हणजे कुणीतरी त्या प्रकल्पासाठी दिलेला पैसा कोटवर खर्च होणं.

निर्णय, आणि मग जवळजवळ तीन वर्षांची वाट

ब्लॅक हे साधन वुकाश लांगा यांनी मार्च २०१८मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. स्वतःची ओळख ते 'तडजोड न करणारा फॉर्मॅटर' अशी करून देतं. ओळीची लांबी ८८, कोट डबल, बाकी पर्याय जवळजवळ नाहीतच. हा आडमुठेपणा मुद्दाम ठेवलेला आहे. फॉर्मॅटरला पन्नास खुंट्या दिल्या, की आधी कोडच्या मांडणीवर होणारं भांडण त्या खुंट्या कुठे पिळायच्या यावर होऊ लागतं. गो भाषेने २००९पासून आपल्यासोबत गोफमट दिलं आणि तिथेही हेच तत्त्व होतं: शैली कुणाच्याच पहिल्या पसंतीची नसेल, पण ती एकच असेल.

एप्रिल २०१९मध्ये एमेरिक ऑगस्टिन यांनी जँगोचा कोड ब्लॅकने मांडावा असा औपचारिक प्रस्ताव लिहिला. जँगोच्या प्रस्तावमालेत त्याचा क्रमांक ८, आणि मांडणीच्या मूळ पायथन दस्तऐवजाचाही क्रमांक आठच. मे महिन्यात तांत्रिक मंडळाने तो मंजूर केला.

अशा प्रस्तावावरचे आक्षेप कुठल्याही टीममध्ये तेच असतात, आणि ते खोटे नसतात. हाताने लावलेल्या मांडणीत अर्थ असतो, यंत्र तो पुसून टाकतं. पासवर्डच्या तीन मजल्यांचं उदाहरण समोरच आहे. ब्लॅकच्या नियमाने प्रत्येक पॅरामीटर स्वतंत्र ओळीवर येतो, आणि तिन्ही तुकडे ८८ अक्षरांत मावत असतील तर ते शेजारी शेजारी एकाच ओळीत जातात. डोळ्याला मिळणारी मदत गेली. दुसरा आक्षेप इतिहासाचा: एका कमिटने सगळ्या ओळी बदलल्या की 'ही ओळ कुणी, का लिहिली' याचं उत्तर सगळीकडे तीच एक कमिट असं येऊ लागतं. तिसरा, उघड्या असलेल्या शेकडो पॅचचं काय? चौथा, जुन्या आवृत्त्यांत सुरक्षेच्या दुरुस्त्या नेताना दोन्हीकडची मांडणी वेगळी असली तर पॅच लागणारच नाही.

जँगोने यातला एकही आक्षेप 'होईल सवय' म्हणून झटकला नाही. पण मंजुरीनंतरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट, माझ्या मते, त्यांनी काही न करणं ही होती. ब्लॅक तेव्हा बीटा अवस्थेत होतं. ते स्थिर होईपर्यंत थांबायचं ठरलं, आणि ते खरोखर थांबले. ब्लॅकची पहिली स्थिर आवृत्ती, २२.१.०, २९ जानेवारी २०२२ रोजी आली. जँगोची मोठी कमिट त्यानंतर नऊ दिवसांनी आली.

ही वाट पाहणं बाहेरून कुणाला आळस वाटला असता. पण त्या पावणेतीन वर्षांत काय काय घडलं ते मांडलं की तिची किंमत कळते. ऑगस्ट २०१९मध्ये गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाची २.२३ आवृत्ती आली. तिच्यात ब्लेमला (कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणाऱ्या आज्ञेला) 'या या कमिट वगळ आणि त्यामागचा खरा लेखक दाखव' असं सांगण्याची सोय झाली. इतिहासाच्या आक्षेपाला तोवर धड उत्तरच नव्हतं. मे २०१९मध्ये घाईने काम उरकलं असतं तर ते उत्तराशिवाय उरकलं असतं. ऑगस्ट २०२०मध्ये ब्लॅकने शेवटच्या स्वल्पविरामाचा अर्थ बदलला. यादीच्या शेवटी तुम्ही स्वतः स्वल्पविराम ठेवलात तर यादी एका ओळीत मावत असली तरी ब्लॅक ती उभीच ठेवतं. ब्लॅकच्या आडमुठेपणात माणसाच्या हेतूला मिळालेली ही एक फट आहे, आणि रोजच्या कामात ती फार उपयोगी पडते. पण या बदलाने आधीच ब्लॅक वापरणाऱ्या अनेक प्रकल्पांत पुन्हा एकदा फायलीच्या फायली हलल्या. जँगोवर ती वेळ आली नाही. आणि स्थिर होताना ब्लॅकने वचन दिलं की एका कॅलेंडर वर्षात शैली बदलणार नाही, बदल जानेवारीच्या आवृत्तीतच येतील. बीटामधल्या साधनावर हजारो फायली टांगण्यापेक्षा हे किती वेगळं आहे, हे ज्याने बीटाचा धक्का खाल्ला आहे त्यालाच कळेल.

एक कमिट नव्हे, तीन

लोकांना आठवते ती बॉटची कमिट. पण तिकीट ३३४७६खाली तिच्या आगेमागे हाताने केलेलं काम आहे, आणि मला या प्रकरणात सर्वांत जास्त शिकवणारा भाग तोच वाटतो.

पहिली पायरी: ब्लॅक जिथे विचित्र मांडणी करेल अशा जागा आधी शोधून माणसांनी हाताने बदलल्या. त्या कमिटच्या संदेशात उदाहरणादाखल दोन जागा दिल्या आहेत. एक आपलं पासवर्डचं फंक्शन. दुसरी डेटाबेसला पाठवायची तिहेरी कोटमधली एसक्यूएल क्वेरी आणि तिच्यामागे पॅरामीटरची यादी. अशा ठिकाणी क्वेरी एकीकडे आणि कंस भलतीकडे, असं दिसू लागतं.

तारखांचे स्वीकारार्ह नमुने सांगणारी यादीही अशीच नाजूक. जँगोच्या जागतिक सेटिंग्जमध्ये ती पूर्वी दाटीवाटीने लिहिलेली होती: एका ओळीत तीन नमुने आणि ओळीच्या शेवटी टिप्पणीत त्या तिन्हींची उदाहरणं, २५ ऑक्टोबर २००६ ही तारीख तीन तऱ्हांनी लिहिलेली. यंत्राने अशी यादी उलगडली की नमुने तीन ओळींवर जातात, पण टिप्पणी यंत्राला तोडता येत नाही. ती सबंध शेवटच्या नमुन्याशेजारी लटकते आणि वरचे दोन उघडे पडतात. टिप्पणीतलं पहिलं उदाहरण पहिल्या नमुन्याचं आहे, हे माणसालाच कळतं. आज ती यादी प्रत्येक नमुना आपल्या ओळीवर आणि त्याचं उदाहरण त्याच्याच शेजारी, अशी आहे. मला ती आधीपेक्षा सरस वाटते. पण ती सरस झाली ती टिप्पणी तोडून कुणाची कुणाला द्यायची हे माणसाने ठरवल्यामुळे, ब्लॅकमुळे नव्हे.

दुसरी पायरी बॉटची: निव्वळ यंत्र, माणसाचा एकही फेरबदल नाही. ब्लॅक आपलं काम झाल्यावर जुन्या आणि नव्या कोडचं व्याकरणवृक्ष पातळीवर मिलान करतं. अर्थ बदललेला आढळला तर फाइल लिहीतच नाही. म्हणून ही कमिट ओळीओळीने वाचायची नसते. तीच आवृत्ती, तोच कोड घेऊन कुणीही तीच आज्ञा चालवावी आणि निकाल तोच येतो का ते पाहावं. हजार फायलींचा रिव्ह्यू एका आज्ञेत होतो, पण तो याच अटीवर की त्या कमिटमध्ये माणसाच्या हाताचं एक अक्षरही नसावं. एकाने जरी 'जाता जाता' एक चूक दुरुस्त केली असती, तर ती हजार फायलींच्या गोंधळात कुणालाही सापडली नसती.

एक फाइल या सगळ्यातून नावानिशी वगळली आहे. चाचण्या चालवणाऱ्या यंत्रणेची चाचणी करण्यासाठी जँगोत एक फाइल मुद्दाम व्याकरणदृष्ट्या चुकीची ठेवलेली आहे. ब्लॅकला ती वाचताच येत नाही, त्यामुळे सेटिंगमध्ये तिला सक्तीने बाहेर ठेवावं लागलं.

तिसरी पायरी पुन्हा हाताची. ब्लॅक लांब स्ट्रिंग आणि लांब टिप्पण्या मोडत नाही, त्यामुळे यंत्र फिरून गेल्यावरही ८८च्या बाहेर डोकावणाऱ्या ओळी उरल्या होत्या. ११९च्या काळात लिहिलेली वाक्यं ती. त्या माणसांनी बसून ८८त आणल्या. मग फ्लेक८ या तपासणी साधनाची मर्यादा ८८ केली आणि इम्पोर्ट (दुसरीकडचा कोड आणणाऱ्या ओळी) क्रमाने लावणाऱ्या आयसॉर्टला ब्लॅकशी जुळणारा प्रोफाइल दिला. हे शेवटचं किरकोळ वाटतं, पण नाही केलं तर दोन साधनं एकाच ओळीसाठी भांडतात: एक मोडतं, दुसरं जोडतं, आणि सीआय (प्रत्येक बदलावर आपोआप चालणारी तपासणी) कायम लाल.

इतिहास आणि उघडे पॅच

बॉटच्या कमिटचा हॅश (ओळखक्रमांक) जँगोने मूळ फोल्डरमधल्या 'गिट ब्लेम इग्नोर रेव्ज' या फायलीत नोंदवला. आपल्या यंत्रावर गिटच्या सेटिंगमध्ये या फायलीचं नाव एकदा दिलं की ब्लेम तिच्यातल्या कमिटकडे दुर्लक्ष करून मागचा लेखक दाखवतं. गिटहबच्या वेबपानावर मात्र ही सोय कमिट झाली त्या दिवशी नव्हती. मार्च २०२२मध्ये गिटहबने याच नावाची फाइल आपोआप वाचायला सुरुवात केली. ब्लेमचं हे वगळणं अचूक नसतं, अंदाजाने चालतं. एका ओळीच्या पाच झाल्या असतील तर त्यातली कोणती जुन्या कोणत्या ओळीची, हे गिट ताडून पाहतं आणि कधी चुकतं. तरी दहा वर्षांपूर्वीचा एखादा विचित्र अपवाद कुणी का लिहिला हे शोधणाऱ्याला रस्ता बंद झाला नाही.

उघड्या पॅचवाल्यांना त्रास झालाच. कोडच्या दोन्ही बाजू बदललेल्या, त्यामुळे मर्ज (एकत्र) करायला गेलं की जवळजवळ प्रत्येक फायलीत कॉन्फ्लिक्ट, म्हणजे बदलांची टक्कर. यातून बाहेर पडायची रीत साधी आहे, पण माहीत नसेल तर माणूस दिवसभर हाताने ओळी जुळवत बसतो. आधी आपली ब्रँच मोठ्या कमिटच्या अगदी आधीच्या कमिटवर आणायची. तिथे नेहमीसारखेच थोडे कॉन्फ्लिक्ट येतील, ते सोडवायचे. मग आपल्या फायलींवर प्रकल्पाच्याच आवृत्तीचं ब्लॅक चालवायचं. आता आपला कोड आणि मुख्य ब्रँचचा कोड एकाच साच्यातला झाला. मोठी कमिट ओलांडताना मांडणीवरून कॉन्फ्लिक्ट आला तर आपली बाजू घ्यायची, कारण तिच्यात त्यांची मांडणी आहेच आणि आपला बदलही आहे. अर्ध्या तासाचं काम.

ज्यांच्याकडे जँगोची स्वतःची सुधारित प्रत आहे, म्हणजे कंपनीच्या गरजेसाठी आत चार-पाच पॅच लावून ठेवलेली, त्यांना हे प्रत्येक पॅचसाठी करावं लागलं. तो खर्च प्रकल्पाने त्यांच्यावर टाकला, आणि तो योग्यच टाकला असं मी म्हणेन. पण खर्च होता.

आमच्याकडे काय झालं

मी तेव्हा जिथे काम करत होतो, तिथे आम्ही हेच काम एका आठवड्याच्या शेवटी, रिलीज झाल्यानंतर मोकळा वेळ आहे म्हणून उरकलं. आधी हाताने काही पाहिलं नाही. फॉर्मॅटर चालवला, आणि त्याच कमिटमध्ये न वापरलेले इम्पोर्ट काढले. त्यातला एक इम्पोर्ट नावाने कुठे वापरलेला नव्हता, पण तो लोड झाल्यानेच सिग्नलची (एखादी घटना घडली की चालणाऱ्या कोडची) नोंदणी होत होती. सोमवारी काही ग्राहकांना ईमेल जाणं बंद झालं. शोधायला दीड दिवस लागला, कारण संशयित कमिटमध्ये सहाशे फायली होत्या आणि 'ती तर फक्त फॉर्मॅटिंगची आहे' म्हणून तिच्याकडे कुणी पाहतच नव्हतं. त्यानंतर बरेच महिने टीममधले दोन ज्येष्ठ सहकारी फॉर्मॅटरचं नाव काढलं की नकार द्यायचे. त्यांचा राग साधनावर होता. चूक साधनाची नव्हती, एकाच कमिटमध्ये यंत्राचं आणि माणसाचं काम मिसळण्याची होती. हे मला त्यांना तेव्हा नीट समजावून सांगता आलं नाही. जँगोच्या तीन कमिट तेव्हा माहीत असत्या तर दाखवल्या असत्या.

यंत्राने मांडणी केल्याने चुका कमी होतात, असाही एक दावा ऐकू येतो. तो भाषेप्रमाणे तपासावा लागतो. फेब्रुवारी २०१४मध्ये ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडात 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा आली होती. दुसरी ओळ इंडेंटमुळे इफच्या आत असल्यासारखी दिसायची, पण होती बाहेर, आणि त्यामुळे सर्व्हरच्या सहीची तपासणीच टळत होती. सी भाषेतला फॉर्मॅटर ती ओळ डावीकडे ओढून खोटं उघडं पाडतो. पायथनमध्ये इंडेंट हाच अर्थ आहे, तिथे मांडणी अशी खोटं बोलूच शकत नाही, त्यामुळे ब्लॅककडून या जातीचा फायदा मिळत नाही. जँगोला मिळालेला फायदा दुसरा आहे. रिव्ह्यूमधून एक अख्खा विषय निघून गेला. कोट, कंस, स्वल्पविराम यांवर माणसाने माणसाला काही सांगायचं उरलं नाही. प्री-कमिट हुक (कमिटआधी आपोआप चालणारी तपासणी) सांगतो, आणि त्याचा राग कुणाला येत नाही.

नावं कशी द्यायची, टिप्पणी कुठे हवी, फंक्शन कुठे तोडायचं, हे सगळं पूर्वीसारखंच माणसांकडे आहे.

नंतर

ऑगस्ट २०२२मध्ये आलेल्या जँगो ४.१ने एक पाऊल पुढे टाकलं. स्टार्टप्रोजेक्ट, स्टार्टॲप, मेकमायग्रेशन्स अशा आज्ञांनी तयार होणाऱ्या फायली, यंत्रावर ब्लॅकची आज्ञा सापडली तर, ब्लॅकने मांडूनच लिहिल्या जाऊ लागल्या. या पावलाबद्दल माझं मन तितकं स्वच्छ नाही. जँगोने आपला कोड कसा मांडावा हा जँगोचा प्रश्न. माझ्या प्रकल्पातली मायग्रेशनची (डेटाबेसच्या रचनेतल्या बदलाची) फाइल कशी दिसावी हे माझ्या लॅपटॉपवर कुठलं साधन सापडतं यावर ठरावं, हे पटत नाही. एकाच टीममधल्या दोघांपैकी एकाकडे ब्लॅक असेल आणि दुसऱ्याकडे नसेल, तर एकाच आज्ञेतून दोन तऱ्हेच्या फायली निघतात. जो विसंवाद मिटवण्यासाठी हे सगळं केलं, तोच मागच्या दाराने परत येतो. टीमने साधन आणि त्याची आवृत्ती प्रकल्पातच पक्की नोंदवली, तर मात्र ही सोय उत्तम चालते.

२०२३मध्ये दस्तऐवजांतल्या पायथन उदाहरणांवरही ब्लॅकच्या नियमांनी मांडणी करणारं साधन फिरवलं गेलं. पुन्हा बॉटची कमिट, पुन्हा वगळायच्या यादीत एक हॅश. ब्लॅकची जानेवारीची आवृत्ती आली की तिच्या नव्या शैलीसाठी एक छोटी कमिट होते. तशी २०२३मध्ये झाली, २०२४मध्येही झाली.

पासवर्डचं ते फंक्शन जँगो ४.२मध्ये कालबाह्य ठरवलं गेलं आणि ५.१मध्ये काढून टाकलं. यादृच्छिक पासवर्डसाठी आता पायथनचं स्वतःचं सीक्रेट्स मॉड्यूल वापरायचं असतं. तीन मजल्यांची ती यादी पाहायची असेल तर ४.०च्या ब्रँचचा मोठ्या कमिटच्या आधीचा इतिहास उघडावा लागेल.